गढूळ पाण्यातली शिरगणती

इंजिनियरिंगच्या चार वर्षांत आपण काय काय मोजायला शिकतो! करंट मोजतो, स्ट्रेन मोजतो, काँक्रीटचा स्लम्प मोजतो, हजेरीचे टक्के तर दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत मोजतो. पण वायवाला एखाद्या परीक्षकानं विचारलं, की "समोरच्या तलावात मासे किती आहेत ते सांगा", तर? मासे दिसत नाहीत, एका जागी थांबत नाहीत, एकमेकांना खातात आणि आपण मोजायला गेलो की पळून जातात. आपल्या कुठल्याही लॅबमध्ये असला सॅम्पल ठेवलेला नाही.

हा प्रश्न रिकामटेकडा नाही. महाराष्ट्रात धरणं, पाझर तलाव, गावतळी मिळून हजारो पाणसाठे आहेत आणि त्यातल्या कित्येकांवर मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेऊन पोट भरतात. ठेक्याची रक्कम भरायची, बोटुकली विकत घेऊन पाण्यात सोडायची आणि वर्षभर जाळी टाकायची. बोटुकली म्हणजे साधारण बोटाएवढं झालेलं माशाचं पिल्लू. आता एखाद्या वर्षी मासळी कमी आली, तर संस्थेच्या बैठकीत पहिला ठराव हमखास ठरलेला: "यंदा बोटुकली जास्त सोडू." हा ठराव कधी बरोबर असतो आणि कधी तो पैसे अक्षरशः पाण्यात घालणं असतं. कोणत्या वेळी काय, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

दोन तलाव डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडे आज रात्रीच्या जाळ्यात दहा-दहा किलो मासळी आली. पहिल्या तलावात ते दहा किलो म्हणजे आठ-नऊ चांगले गुबगुबीत कटला-रोहू. दुसऱ्यात तळहाताएवढ्या दीडशे चिलापी, डोकं मोठं आणि अंग वाळलेलं. वजनकाट्याला दोन्ही सारखेच! पण पहिल्या तलावात खाणं भरपूर आहे आणि तोंडं कमी. तिथं बोटुकली सोडली तर पैसे वसूल. दुसऱ्यात तोंडं इतकी झालीत की कुणाचंच पोट भरत नाही. तिथं आणखी बोटुकली सोडणं म्हणजे भरलेल्या मेसमध्ये ताटं न वाढवता शंभर पोरांना ॲडमिशन देणं. तिथं आधी मासे काढायला हवेत. वजन सारखं, दुखणं उलटं, औषधही उलटं.

थोडं आपल्या पाण्याबद्दल. मत्स्यशास्त्रात पाण्याचे ढोबळ दोन वर्ग करतात: थंड पाणी, जिथं ट्राउटसारखे मासे राहतात, आणि उष्ण पाणी. महाराष्ट्रातली सगळी तळी दुसऱ्या वर्गातली. इथले मानकरी तीन: कटला, रोहू आणि मृगळ. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. म्हणजे तीन मजली होस्टेल, एकाची दुसऱ्याला फारशी अडचण नाही. या तिघांची एक खोड मात्र लक्षात ठेवा. ते पावसाळ्यात वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात त्यांची वीण होत नाही. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथं पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण हौदात घडवून आणली आणि मत्स्यबीज हवं तेव्हा मिळू लागलं. (१० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन असतो तो त्यामुळेच.) तेव्हा लहान तलावात कार्प जातीचे जेवढे मासे आहेत, ते बहुतेक आपण सोडलेले. हिशेबाच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे, कारण जमेची बाजू पावतीवर लिहिलेली असते.

चिलापीचं तसं नाही. मोझांबिक चिलापी १९५२ साली श्रीलंकेतून भारतात आणली गेली. ही साचलेल्या पाण्यातच वीण करते, वर्षातून अनेकदा करते, आणि मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे जगण्याचं प्रमाण चांगलं. गर्दी झाली की अंगानं वाढणं थांबतं, पण वीण थांबत नाही. तिची पावती कुणी फाडत नाही. म्हणजे हिशेबाच्या वहीत एक खातं असं आहे, की ज्यात रोज कोणीतरी गुपचूप जमा करतंय.

आता मोजणी. सगळं पाणी उपसून मोजता येत नाही, म्हणून खूण करून पुन्हा पकडायची पद्धत वापरतात. डॅनिश जीवशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९० च्या दशकात समुद्री माशांना खुणा करून सोडले, तेव्हापासून हिला त्यांचं नाव आहे. होस्टेलवर समजावून घेऊ. समजा रेक्टरसाहेबांना होस्टेलात रात्री प्रत्यक्ष किती पोरं झोपतात ते काढायचंय (रजिस्टरवर कोण विश्वास ठेवणार?). त्यांनी एका रात्री मेसमध्ये ६० जणांच्या मनगटावर शाईचा शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी टीव्ही रूममध्ये ५० जण होते, त्यातले १५ शिक्केवाले. म्हणजे ५० मध्ये १५, तर सगळ्यांमध्ये ६०. त्रैराशिक मांडा: ६० गुणिले ५० भागिले १५, उत्तर २००. झालं!

झालं कुठं? आता प्रश्न सुरू होतात. कुणी अंघोळीत शाई धुवून टाकली, तर शिक्केवाले कमी सापडतील आणि उत्तर फुगेल. रेक्टरांनी दुसरी मोजणीही मेसमध्येच केली, तर बाहेरून डबा आणणारी पोरं दोन्ही वेळा सुटतील आणि उत्तर आटेल, कारण मोजले गेले ते फक्त मेसवाले. मधल्या काळात दिवाळीची सुट्टी लागली, तर कशाला कशाचा मेळ नाही. माशांच्या बाबतीत हे सगळं जसंच्या तसं घडतं. खुणेसाठी माशाच्या पराचं टोक कापतात. तो पर पुन्हा वाढतो किंवा जाळ्यात जखमी झालेला मासा सोडल्यावर मरतो, ही शाई धुतली जाणं. जाळ्याचा एकदा धसका घेतलेला मासा पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. आणि सांडव्यावरून पाणी वाहत असेल तर मासेही वाहतात, म्हणजे दिवाळीची सुट्टी. म्हणून दोन मोजण्यांत खूप दिवस जाऊ द्यायचे नाहीत, पण खुणेचे मासे बाकीच्यांत मिसळण्याइतके मात्र द्यायचे. आणि दोन्ही वेळा निरनिराळ्या प्रकारची जाळी वापरायची. पहिल्यांदा ओढजाळं वापरलं असेल तर दुसऱ्यांदा गिलनेट, म्हणजे कल्ल्यात अडकवणारं उभं जाळं.

आकडे घेऊन बघू, कारण खरी गंमत चुकीच्या पट्ट्यात आहे. समजा वीस हेक्टरच्या एका तलावात २४० रोहू पकडून, खूण करून सोडले. आठवड्यानं ३०० पकडले, त्यात १८ खुणेचे. त्रैराशिकानं उत्तर ४,०००. मात्र खुणेचे मासे थोडेच सापडत असतील तर हे साधं त्रैराशिक सरासरीनं थोडं जास्त दाखवतं. चॅपमन यांनी १९५१ मध्ये त्याची दुरुस्ती दिली: तिन्ही आकड्यांत एक-एक मिळवा, गुणाकार-भागाकार करा, शेवटी एक वजा करा. २४१ गुणिले ३०१ भागिले १९, वजा १. उत्तर येतं सुमारे ३,८१७. एम-थ्रीमध्ये घासलेलं स्टॅटिस्टिक्स इथं कामाला येतं. या उत्तराचं प्रमाण-विचलन साधारण ७९३ निघतं, म्हणजे ९५ टक्के खात्रीचा पट्टा जवळजवळ २,२६० ते ५,३७० असा. एवढ्या मेहनतीनंतर आपण एवढंच म्हणू शकतो, की रोहू सव्वादोन हजार ते साडेपाच हजारांच्या दरम्यान आहेत!

नाराज होऊ नका. दोन्ही वेळचे कष्ट दुप्पट करा. ४८० ना खूण, ६०० पकडले, ७२ खुणेचे. मधला आकडा जवळपास तोच, ३,९५९. पण पट्टा आता ३,१८० ते ४,७४०. कष्ट दुप्पट, रुंदी निम्मी. कारण सगळं वजन त्या शेवटच्या आकड्यावर, म्हणजे पुन्हा सापडलेल्या खुणेच्या माशांवर आहे आणि तो चौपट झाला. उलट, पहिल्या २४० पैकी ६० मासे खूण करताना हाताळणीत मेले आणि आपल्याला कळलंच नाही, तर १८ ऐवजी १३-१४ च सापडतील आणि उत्तर पाच हजारांच्या वर जाईल. म्हणजे जितके मासे आपण मारले, तितके तलावात मासे जास्त "दिसले". ही चूक दिशा धरून होते, म्हणून ती धोक्याची. खूण करणाऱ्याचे हात ओले असावेत, मासा पाण्याबाहेर कमीत कमी वेळ असावा, उन्हाच्या आधी काम उरकावं, या सूचना दयेपोटी तर आहेतच, पण गणितापोटीही आहेत.

एकदाच खूण करण्याऐवजी रोज पकडायचं, रोज नव्यांना खूण करायची, आणि खुणेवाल्यांचं प्रमाण वाढत जातं ते पाहायचं, अशी सुधारित पद्धत झोई श्नाबेल यांनी १९३८ मध्ये मांडली. त्यांचा लेख कुठल्या मत्स्य-नियतकालिकात नव्हे, तर अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीमध्ये छापून आला, आणि विषय होता तळ्यातल्या एकूण माशांचा अंदाज. गणितवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

दुसरी एक पद्धत खूण न करता चालते. तलावाचा एखादा फाटा जाळ्यानं बंद करायचा आणि आत सारख्याच कष्टानं ओढजाळं पुन्हा पुन्हा मारायचं; पकडलेले मासे बाहेर ठेवायचे. पहिल्या ओढीत १२०, दुसरीत ९०, तिसरीत ६८. दर ओढीला सुमारे चतुर्थांश घट. भूमितीय श्रेढी ओळखीची वाटली ना? बेरीज १२० भागिले ०.२५, म्हणजे ४८०. या विचाराची १९३९ मधली मांडणी लेस्ली आणि डेव्हिस यांची, आणि ती माशांवर नव्हतीच. सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउन शहरातले उंदीर मोजायला होती. (आमच्या विंगमध्ये ही पद्धत लगेच लागू करता येईल.) मात्र अट एकच: प्रत्येक ओढीत प्रत्येक मासा सारख्याच सहजतेनं सापडला पाहिजे. मरळ तळाशी गाळात, गवतात बसते आणि वाम बिळात. त्यांच्या बाबतीत ही अट पहिल्याच ओढीत मोडते.

रोजच्या कामाला मात्र या दोन्ही पद्धती महागच. संस्थेला परवडतं ते म्हणजे जाळ्यामागे मासळी: पन्नास मीटर जाळं, एक रात्र, किती किलो? हा आकडा वर्षानुवर्षं लिहिला तर मासे वाढताहेत का घटताहेत ते कळतं, असं मानतात. इथं दोन खड्डे आहेत. एक, जाळं स्वतःच निवड करतं. गिलनेटच्या एका आसात ठरावीक घेराचाच मासा अडकतो. लहान असेल तो आरपार जातो, फार मोठ्याचं डोकंच शिरत नाही. म्हणून एकाच मापाच्या आसाचं जाळं वापरून "आमच्या तलावात सगळे मासे एकाच आकाराचे आहेत" असं म्हणणं, म्हणजे चाळणीतून पडलेली वाळू पाहून खडीच नाही म्हणण्यासारखं. सिव्हिलवाल्यांना सीव्ह ॲनालिसिस शिकवावं लागत नाही. पाहणीसाठी बारीक ते मोठ्या आसांची जाळी एकाला एक जोडून टाकतात, ती त्याच कारणानं.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे आणि त्याला उजनीचंच उदाहरण घ्यावं लागेल. भीमेवरच्या उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला तब्बल ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. उन्हाळ्यात आपण पेपरात वाचतो, उजनी मायनसमध्ये गेली. आपल्या पुस्तकात ज्याला डेड स्टोरेज म्हणतात, ते मे महिन्यात माशांचं उरलेलं घर असतं. पावसाळ्याअखेर दूरवर पसरलेले तेच मासे आता थोड्या पाण्यात दाटीवाटीनं येतात. जाळ्यामागे मासळी वाढते. बाजारात आवक वाढते, सगळे खूष. प्रत्यक्षात एकही मासा वाढलेला नसतो, उलट रोज कमी होत असतो. म्हणून मासळीच्या नोंदीशेजारी पाणीपातळी लिहिलेली नसेल, तर तो आकडा अर्धवट आहे. आणि पाणीपातळी तर सिंचन खात्याकडे रोजची रोज लिहिलेली असते! दोन वह्या शेजारी ठेवायच्या एवढंच.

उजनीची दुसरी कहाणी म्हणजे चिलापी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. पाण्यात पोषकद्रव्यं भरपूर, शेवाळ भरपूर, आणि पहाटे विरघळलेला ऑक्सिजन कमी. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे तोंड वर काढून पृष्ठभागावर दिसतात, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं केवढे मासे! खरं तर तो गुदमर असतो. अशा पाण्यात चिलापी तग धरते, कटला-रोहूची दमछाक होते. पकडीत चिलापीचा वाटा मोठा होत गेला त्यामागे हे एक कारण, आणि बारीक आसाची जाळी हे दुसरं. वडाप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारीक जाळ्यांविरुद्ध तिथल्या मच्छीमारांनीच वारंवार आवाज उठवला आहे. कारण सरळ आहे. बारीक जाळ्यात सोडलेली बोटुकली वाढायच्या आधीच निघून येते. चिलापीला त्याचा फारसा फरक पडत नाही, ती पुढच्या महिन्यात भरून काढते. एकाच जाळ्यानं एकाचा वंश खुंटतो आणि दुसरीला जागा मोकळी होते.

चिलापीला शिव्या घालणं सोपं आहे. माझं मत वेगळं आहे. भिगवणच्या बाजारात ती स्वस्तात विकली जाते, काटे कमी, गरिबाच्या ताटात मासा येतो तो तिच्यामुळे. शिवाय एवढ्या मोठ्या जलाशयातून तिला समूळ काढणं अशक्य. प्रश्न असा विचारायला हवा, की ती केवढी झाल्यावर निघते. दीडशे ग्रॅमची चिलापी आणि तीस ग्रॅमची चिलापी यांच्या भावात आणि तलावाच्या तब्येतीत फार फरक आहे.

ती तब्येत पाहायला जड गणित लागतच नाही. फूटपट्टी आणि वजनकाटा पुरे. माशाचं वजन ग्रॅममध्ये घ्या, शंभरानं गुणा आणि लांबीच्या घनानं भागा, लांबी सेंटिमीटरमध्ये. चाळीस सेंटिमीटरचा रोहू ८०० ग्रॅमचा असेल तर १.२५, तोच ६०० ग्रॅमचा भरला तर ०.९४. एकाच जातीचे, एकाच मोसमातले मासे घेऊन हा आकडा वर्षागणिक घसरत असेल, तर तलावात उपासमार चालू आहे. याच्या जोडीला लांबीचा आलेख काढा: दर दोन सेंटिमीटरला किती मासे. दरवर्षी ऑगस्टमध्ये बोटुकली सोडली असेल तर आलेखावर वर्षागणिक एकेक उंचवटा दिसतो. मधला एखादा उंचवटा गायब असेल, तर त्या वर्षीची बोटुकली गेली कुठं हा प्रश्न बैठकीत नाव घेऊन विचारता येतो. फार लहान होती म्हणून मरळीनं खाल्ली? सांडव्यावरून गेली? की पावतीवर होती तेवढी पाण्यात पडलीच नाही? ८०-१०० मिलिमीटरची बोटुकली महाग पडते, पण तग धरते. निम्म्या आकाराची दुप्पट घेऊन सोडणं हे कागदावरच स्वस्त.

अमेरिकेत अलाबामामध्ये होमर स्विंगल यांनी १९५० मध्ये उष्ण पाण्याच्या तळ्यांसाठी असंच एक गुणोत्तर मांडलं होतं: खाल्ल्या जाणाऱ्या माशांचं एकूण वजन भागिले खाणाऱ्या माशांचं. ३ ते ६ च्या दरम्यान असेल तर तळं समतोल. तिकडे बास आणि ब्लूगिल हे मासे, इकडे मरळ आणि चिलापी. आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही, विचार मात्र उचलण्यासारखा आहे. मरळ काढून टाकली तर चिलापी मोकाट सुटते. मरळीला शत्रू समजणाऱ्या संस्थांनी हे एकदा मोजून बघावं.

१९९५ साली एफएओनं भारतीय जलाशयांचा जो आढावा छापला, त्यात हेक्टरी वार्षिक उत्पादन लहान जलाशयांत सुमारे ५० किलो, मध्यम जलाशयांत १२ आणि मोठ्या जलाशयांत ११ किलो असं दिलंय. लहान म्हणजे हजार हेक्टरच्या आतले. लहान तलावात सोडलेलं मोजता येतं, पकडलेलं मोजता येतं, चूक पुढच्या वर्षी सुधारता येते. आपल्या आसपासचे पाझर तलाव याच वर्गातले.

फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांसाठी शेवटी थोडी व्यवहाराची माहिती. ठेकेदार संस्थेची परवानगी आधी घ्या. तलाव त्यांचा आहे. जाळी संध्याकाळी टाकून पहाटे काढायची, तीही अंधाऱ्या पंधरवड्यात, कारण चांदण्या रात्री स्वच्छ पाण्यात माशाला जाळं दिसतं. पाणी किती स्वच्छ ते पाहायला इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञ सेकी यांनी १८६५ मध्ये वापरलेली पांढरी तबकडी अजूनही पुरते: दोरीला बांधून सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहायची. वर्कशॉपमध्ये वीस सेंटिमीटरचा पत्रा कापून तासाभरात होते. सुरुंग किंवा विष घालून "झटपट सर्व्हे" करू असं कुणी सुचवलं, तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानं त्याला बंदी घातली आहे हे त्याला सांगा. आणि वहीत रकाने आखताना तारीख, जाळ्याची लांबी, आसाचं माप, किती तास, जात, लांबी, वजन यांच्याबरोबर पाणीपातळीचा रकाना विसरू नका. त्या दिवशी एकही मासा मिळाला नाही तर तिथं शून्य लिहा. पान कोरं ठेवू नका, कारण सहा महिन्यांनी कोऱ्या पानावरून मासे नव्हते का जाळंच टाकलं नव्हतं, हे कुणालाच सांगता येत नाही.